रुक्मिणीच्या माहेरी कोण जातो?

मे २०२५ मध्ये महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत एक यादी फिरत होती. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी तुर्कस्तान आणि अझरबैजान या दोन देशांनी उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली आणि पाहता पाहता इस्तंबूल, बाकूची आरक्षणे रद्द होऊ लागली. प्रवासी कंपन्यांनीही वारा ओळखून त्या सहली मागे घेतल्या. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांविषयी अनुदार उद्गार काढले, तेव्हाही असेच घडले होते. आपल्या खिशातला पैसा शत्रूच्या मित्राला मिळू नये, ही भावना सर्वसामान्य माणसाच्या मनात कोणी न सांगता जागी व्हावी, हे समाजाच्या स्वाभिमानाचे लक्षण आहे. त्याची चेष्टा करणाऱ्या विद्वानांनी आपली चेष्टा आपल्यापाशीच ठेवावी.

प्रश्न त्यानंतरचा आहे. इस्तंबूल रद्द झाले. त्या जागी काय आले? अनेक घरांत त्याच संध्याकाळी व्हिएतनाम, बाली, थायलंड यांची दरपत्रके उघडली गेली. मालदीवऐवजी लक्षद्वीपचा जयघोष झाला, छायाचित्रे पुढे पाठवली गेली आणि महिन्याभरात सारे शांत झाले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी देशवासीयांना २०२२ पर्यंत भारतातीलच किमान पंधरा स्थळे पाहण्याचे आवाहन केले होते. मधली दोन वर्षे महामारीने खाल्ली, हे खरे. पण महामारी सरल्यावर तरी त्या पंधरा नावांची यादी कोणाच्या घरात तयार झाली? कुठे जायचे नाही, हे ठरवायला रागाची एक संध्याकाळ पुरते. कुठे जायचे, हे ठरवण्यासाठी देश ठाऊक असावा लागतो. राष्ट्रभक्तीची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नात आहे आणि त्या परीक्षेत बहिष्काराच्या घोषणा देणारा वर्गही नापास होतो आहे.

यात्रेने रेखलेला नकाशा

आगगाडी नव्हती, छापील नकाशे नव्हते, तेव्हाही कोकणातला भिक्षुक आणि देशावरचा कुणबी भारताचा भूगोल जाणत होता. बारा ज्योतिर्लिंगे, चार धाम, सात मोक्षपुऱ्या यांची नावे त्याला तोंडपाठ होती. सकाळी डोक्यावर तांब्या ओतताना तो गंगा-यमुनेबरोबर नर्मदा, सिंधू आणि कावेरीलाही हाक मारत होता. ज्याने आयुष्यात पंचक्रोशी ओलांडली नाही, त्याच्याही रोजच्या स्नानात सारा देश होता. काशीची गंगा कावडीने रामेश्वरला न्यायची आणि सेतूची वाळू परत प्रयागला आणून सोडायची, ही परंपरा कोणत्याही बादशहाने वा व्हाइसरॉयने फर्मान काढून सुरू केली नव्हती. पैठणच्या नाथांनी तीच कावड तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा मराठी मुलाला आजही सांगितली जाते. त्या कथेत दया आहे, हे सर्वांना दिसते. पैठणचा माणूस गंगेचे पाणी घेऊन रामेश्वरकडे निघाला होता, ही त्याच कथेतली दुसरी गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, इतकी ती त्या काळी स्वाभाविक होती.

हिमालयातील बदरीनाथाची पूजा केरळहून आलेला नंबुद्री रावळ करतो. दक्षिण टोकाच्या रामेश्वराचे पुजारी परंपरेने महाराष्ट्रीय आहेत. नामदेव महाराज पंजाबात घुमानला राहिले, त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. आसामचे श्रीमंत शंकरदेव पंधराव्या शतकात बारा वर्षे भारतभर तीर्थाटन करून परतले आणि मग त्यांनी ब्रह्मपुत्रेच्या काठी नामधर्माचा झरा मोकळा केला. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे राज्य माळव्यात. पण त्यांचे घाट, मंदिरे आणि धर्मशाळा काशी, सोमनाथपासून रामेश्वरपर्यंत. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली, समारंभ झाले, भाषणे झाली. राज्याच्या सीमेबाहेर या बाईंनी एवढा पैसा का खर्च केला, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. त्यांच्या दृष्टीने ते ‘बाहेर’ नव्हतेच.

१८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सर जॉन स्ट्रेची यांनी भारत नावाचा एक देश नाही आणि कधी नव्हता, असे ठासून मांडले. साहेब गेले, पण त्यांचे हे वाक्य इथल्या तथाकथित पुरोगाम्यांनी वारसा म्हणून जपले. इंग्रजांनी आगगाडी आणली, इंग्रजी आणली आणि म्हणून हा देश जोडला गेला, हे पालुपद आजही विद्यापीठांतून ऐकू येते. त्यांना उत्तर देणे अवघड नाही. वर दिलेली यादी हेच ते उत्तर. अवघड आहे ते वेगळेच. पायी चालणाऱ्या पूर्वजांनी स्ट्रेचीला खोटे पाडले. विमानाने उडणारे त्यांचे वंशज आपल्या वागण्याने त्याला खरे पाडू पाहत आहेत.

पॅकेजचा नकाशा

आजच्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या मनातला भारत दरपत्रकाएवढा उरला आहे. बर्फासाठी मनाली किंवा गुलमर्ग, थंडीसाठी उटी, बोटीसाठी केरळ, वाळूसाठी गोवा आणि किल्ल्यांतल्या हॉटेलांसाठी राजस्थान. प्रत्येक प्रांताला एकेक कामगिरी नेमून दिलेली. तो प्रांत कोणाचा, तिथे काय घडले, तिथला माणूस काय बोलतो, याच्याशी पाहुण्याला कर्तव्य नाही. सोबत स्वयंपाकी नेलेला असतो. मुन्नारला वरण-भात, दार्जिलिंगला पिठले-भाकरी आणि जोधपूरला साबुदाण्याची खिचडी अशी व्यवस्था असली की सहल उत्तम झाली, असे प्रमाणपत्र मिळते. वयोवृद्धांची पथ्ये समजू शकतात. पण धडधाकट तरुण कुटुंबेही तामिळनाडूत आठवडा काढून एकदाही केळीच्या पानावर न जेवता परततात, याला काय म्हणावे?

गोव्याचेच पाहा. मराठी माणूस तिथे वर्षातून दोनदा जातो. किनारा, बाजार आणि बाटली या तीन थांब्यांत त्याचा गोवा संपतो. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करवला, हे त्याच्या गावी नसते. मोटारीच्या मागच्या काचेवर महाराजांचे चित्र लावून तो त्या फाट्यावरून पुढे निघून जातो.

उटी-कोडाईकनालची सहल तामिळनाडूतच होते. त्याच तामिळनाडूत तंजावर आहे, जिथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसले घराणे नांदले. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत. त्याच तामिळनाडूत जिंजी आहे. महाराष्ट्र औरंगजेबाच्या घशात जाण्याची वेळ आली, तेव्हा छत्रपती राजाराम महाराजांनी जिथून हिंदवी स्वराज्य जिवंत ठेवले, तो हा किल्ला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. त्या दिवशी पेढे वाटले गेले, फटाके वाजले. पण दिवाळीच्या सुट्टीत जिंजीला जायचे, असे त्यातल्या कितीजणांनी ठरवले?

हाच माणूस बँकॉकला उतरतो, तेव्हा तिथल्या सुवर्णभूमी विमानतळावरील समुद्रमंथनाचे भव्य शिल्प पाहून त्याची छाती भरून येते. ‘बघा, आपली संस्कृती कुठवर गेली होती,’ असे तो मुलांना सांगतो. मुलांनी उलट विचारले की, ‘बाबा, ती आपल्याकडे कुठे आहे?’ तर बाबांजवळ उत्तर नसते.

अंदमानचे उदाहरण मात्र आवर्जून द्यायला हवे. तिथेही सहलीच जातात, तिथेही वाळू आणि बोटी आहेत. पण सेल्युलर जेलमधल्या सावरकरांच्या कोठडीपुढे मराठी माणूस चपला काढतो, मुलाला आत घेऊन उभा राहतो आणि काही काळ कोणी बोलत नाही. त्या एका कोठडीने सहलीची यात्रा होते. म्हणजे मराठी मनातली यात्रेची शक्ती संपलेली नाही. देशाच्या इतर भागांतही अशा जागा आहेत, हे कोणी त्याला सांगितलेले नाही आणि त्याने विचारलेलेही नाही.

नकाशातला कोरा कोपरा

या नकाशात एक कोपरा जवळजवळ कोरा आहे, तो पूर्वांचलाचा. गुवाहाटी, शिलाँग आणि फार तर काझीरंगा यांपलीकडे मराठी पर्यटकाची पावले क्वचितच पडतात. ‘तिकडे आपले काय आहे?’ असा प्रश्न विचारला जातो. तिकडे आपले काय आहे, ते थोडे सांगायलाच हवे.

१६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला अडकले, तेव्हा त्यांची जबाबदारी मिर्झाराजे जयसिंगांचा पुत्र रामसिंग याच्यावर होती. महाराज निसटले आणि रामसिंगावर बादशहाची खप्पा मर्जी झाली. याच रामसिंगाला पुढे औरंगजेबाने आसाम जिंकायला पाठवले. तिथे त्याची गाठ पडली लाचित बरफुकन या अहोम सेनापतीशी. १६७१ मध्ये सराईघाटच्या लढाईत आजारी लाचितने ब्रह्मपुत्रेच्या पात्रात नाव घातली आणि मोगली आरमाराचा धुव्वा उडवला. सह्याद्रीतला छापामार आणि ब्रह्मपुत्रेतला सेनापती एकाच दशकात, एकाच शत्रूविरुद्ध, एकमेकांना कधीही न भेटता लढत होते. मराठी मुलाला यातला अर्धाच इतिहास शिकवला जातो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला १९९९ पासून लाचित बरफुकन सुवर्णपदक दिले जाते. पुणेकर प्रबोधिनीच्या रस्त्याने दर रविवारी सिंहगडाकडे जातो. पण ज्याच्या नावाचे पदक तिथे दिले जाते तो कोण, हे त्याला विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट रुक्मिणीची. अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, ही विदर्भाची श्रद्धा. आषाढीला तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. तिकडे अरुणाचल प्रदेशात, रोइंग गावापासून जवळ, जंगलात भीष्मकनगर नावाचे एका जुन्या दुर्गाचे विटांचे अवशेष आहेत. हेच भीष्मकाचे नगर आणि इथूनच श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेले, ही तिथली श्रद्धा. त्या परिसरातील इदू मिश्मी लोकांची केस कापण्याची विशिष्ट पद्धत आहे. रुक्मीचा पराभव केल्यावर श्रीकृष्णाने त्याचे केस भादरले, त्या प्रसंगाशी ही पद्धत जोडली जाते. सियांगच्या खोऱ्यातील मालिनीथान येथे कृष्ण-रुक्मिणी द्वारकेच्या वाटेवर विसावले, अशी कथा आहे. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला त्यांचा विवाह झाला म्हणून रामनवमीपासून जत्रा भरते. २०१८ पासून त्या जत्रेला ईशान्येतील राज्यांची पथके माहेरची मंडळी म्हणून मानाने येतात.

पंडितांनी यावर खुशाल वाद घालावा. रुक्मिणी वऱ्हाडातली की अरुणाचलातली, याचा निकाल उत्खननाने लागो किंवा न लागो. देशाच्या मध्यावरचा एक जिल्हा आणि चीनच्या सीमेलगतचा एक डोंगर एकाच मुलीला आपली लेक म्हणतात, यापेक्षा राष्ट्रीय एकात्मतेचा मोठा दस्तऐवज कोणत्या दप्तरात सापडणार? ‘विविधतेत एकता’ ही घोषणा सरकारी भिंतींवर रंगवून फिकी पडली. एकच कथा शेकडो प्रकारांनी सांगणारा समाज, म्हणजेच एकतेतून फुललेली विविधता, हा या देशाचा खरा परिचय आहे. पण तो परिचय करून घ्यायला जावे लागते. माधवपूरला अरुणाचलची मंडळी येतात. रोइंगला विदर्भातून किती जातात?

अनोळखीपणाची किंमत

हा विषय केवळ सुट्टीच्या आवडीनिवडीचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातील बोडो भागातल्या हिंसाचारानंतर अफवा पसरल्या आणि बंगळूर, पुणे, चेन्नई येथून पूर्वांचलातील हजारो विद्यार्थी व कामगार जीव मुठीत घेऊन गुवाहाटीच्या गाड्यांत चढले. जादा गाड्या सोडाव्या लागल्या. स्वतःच्याच देशातील शहरांतून माणसे गाशा गुंडाळून पळत होती. अफवा पसरवणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता, यात शंका नाही. पण मोबाइलवरच्या चार ओळींवर त्या तरुणांचा विश्वास बसला आणि शेजाऱ्यांवर बसला नाही, याचे कारण काय? वर्षानुवर्षे एकाच इमारतीत राहूनही त्या मुलांना शेजारच्या घरातून एकदाही चहाला बोलावणे आलेले नव्हते.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात निदो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून हेटाळणी झाली, त्याने प्रतिकार केला, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने पूर्वांचलाचा इतिहास अभ्यासक्रमात आणण्याची शिफारस केली. शिफारस योग्यच आहे. पण ‘चिनी’, ‘मोमो’ असल्या शब्दांनी हाक मारणारी मुले हे शब्द पाठ्यपुस्तकातून शिकत नाहीत. ती घरातून आणि रस्त्यावरून शिकतात. ज्या घराने सहा वेळा गोवा आणि दोन वेळा दुबई पाहिली, पण नामसाई किंवा शिवसागर हे शब्द कधी उच्चारले नाहीत, त्या घरातल्या मुलाला अरुणाचलचा तरुण परका वाटला, तर दोष मुलाचा नाही. चीन तवांगवर दावा सांगतो, तेव्हा सारे खवळून उठतात. मग तिथल्याच मुलाला चिनी म्हणणारा माणूस कोणाचे काम हलके करत असतो?

ज्यांना हे वेळेवर कळले, त्यांनी काम केले. १९६६ पासून विद्यार्थी परिषदेच्या प्रेरणेने ‘आंतरराज्य छात्र जीवन दर्शन’ हा उपक्रम सुरू झाला आणि पूर्वांचलातील मुले-मुली इतर प्रांतांतील घरांत पाहुणी म्हणून राहू लागली. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्यात जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी लोकांच्या रुपया-रुपयातून कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारक उभे केले. सप्टेंबर १९७० मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यांनीच स्थापन केलेल्या विवेकानंद केंद्राने १९७७ पासून अरुणाचलात शाळा उघडल्या. रुक्मिणीच्या जिल्ह्यातला माणूस दक्षिण टोकाला स्मारक उभारतो आणि त्याची माणसे रुक्मिणीच्या दुसऱ्या माहेरी शिक्षक म्हणून जातात. पण कार्यकर्त्यांनी जावे, राहावे, हाल सोसावेत आणि समाजाने येथून टाळ्या वाजवाव्यात, ही विभागणी किती दिवस चालणार? आयुष्य देणारे थोडे असतात. आठ दिवस तर कोणालाही देता येतात.

पहलगामनंतर

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला धर्म विचारून सव्वीस निरपराधांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यात महाराष्ट्रातले सहाजण होते. डोंबिवली, पुणे आणि पनवेल येथून ते सुट्टीसाठी गेले होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक मुस्लिम घोडेवालाही त्यात मारला गेला. ज्या घरांनी माणसे गमावली, त्यांना प्रवासाचे तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. सुरक्षा ही सरकारची जबाबदारी आहे आणि तिच्यातील त्रुटींचा जाब विचारलाच पाहिजे. मात्र मारेकऱ्यांचा हेतू स्पष्ट होता. भारताच्या एका भागात भारतीयाने पाऊल टाकताना दचकावे, हेच त्यांना साधायचे होते. काश्मीरचे नाव यादीतून कायमचे पुसले, तर त्यांचे काम पूर्ण होते.

आणखी एक कटू सत्य आहे. पहलगामला जाणाऱ्या वाटेवर मट्टण लागते. तिथे सम्राट ललितादित्याने आठव्या शतकात बांधलेले मार्तंड सूर्यमंदिर भग्नावस्थेत उभे आहे. वर्षानुवर्षे मराठी पर्यटकांच्या बसगाड्या त्या परिसरातून बर्फ आणि हिरवळ शोधत गेल्या. त्यातल्या किती थांबल्या? काश्मीर हा भारताचा अविभाज्य भाग आहे, हे वाक्य व्यासपीठावर म्हणायचे आणि काश्मिरात गेल्यावर ललितादित्याकडे पाठ करून शाल खरेदी करायची, हा ढोंगीपणा आता तरी थांबावा.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप ठरलेला आहे. सुट्टी ही खासगी बाब, तिथे राष्ट्र कशाला आणता? कोणी कुठे जावे याचा कायदा कोणी मागितलेला नाही आणि मागूही नये. पण खासगी निवड म्हणून जी मिरवली जाते, ती खरोखर कोणाची असते? शेजारी दुबईला गेला म्हणून दुबई, चित्रपटात गाणे दिसले म्हणून स्वित्झर्लंड, दरपत्रकात मोठे छायाचित्र आले म्हणून बाली. जाहिरातदाराने मन घडवलेले चालते आणि समाजहिताचा शब्द काढला की स्वातंत्र्यावर घाला येतो, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप खर्चाचा. दिब्रुगढ वा पोर्ट ब्लेअरच्या विमानभाड्यात कधी कधी बँकॉक पदरात पडते, ही तक्रार खोटी नाही. देशातल्या देशात फिरणे परदेशापेक्षा महाग पडू नये, हे पाहणे सरकारचे काम आहे आणि त्याचा आग्रह धरलाच पाहिजे. पण ज्यांच्या खिशाला तोशीस पडत नाही, त्यांचे काय? केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मूळ गावाच्या प्रवास सवलतीऐवजी पूर्वांचल, जम्मू-काश्मीर, लडाख आणि अंदमानला विमानाने जाण्याची विशेष मुभा अनेक वर्षांपासून आहे. २०२४ मध्येही तिची मुदत वाढवण्यात आली. आपल्याच देशाचे चार कोपरे पाहण्यासाठी सुशिक्षित नोकरदाराला असे आमिष दाखवावे लागते. कावड खांद्यावर घेऊन निघालेल्याला कोणी सवलत दिली होती?

तिसरा आक्षेप गैरसोयीचा आणि अस्वच्छतेचा. रस्ते नाहीत, हे म्हणण्याचे दिवस सरले. २०१७ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात नऊ किलोमीटरहून लांब ढोला-सदिया पूल झाला आणि रोइंगची नावेची वाट संपली. २०१८ मध्ये बोगीबीलचा पूल, २०२२ मध्ये इटानगरजवळचा विमानतळ, २०२४ मध्ये तवांगच्या वाटेवरचा सेला बोगदा. उरला प्रश्न कचऱ्याचा. हिमालयात प्लॅस्टिकच्या बाटल्या गढवाली शेतकरी टाकत नाही. केदारनाथाच्या आवारात नाचगाण्यांची चित्रफीत काढणारे तिथले रहिवासी नसतात. जानेवारी २०२३ मध्ये जैन समाजाला सम्मेदशिखरजीच्या पावित्र्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कुठे केंद्राने पारसनाथ डोंगरावरील पर्यटनाला लगाम घातला. तीर्थाचे सहलीचे ठिकाण केले की तीर्थही जाते आणि ठिकाणही बिघडते. तेव्हा गैरसोयीची तक्रार करण्यापूर्वी पाहुण्याने आपल्या वागण्याचा आरसा पाहावा.

पाहुणा म्हणून जावे

पूर्वांचलात जाताना एक गाठोडे घरी ठेवून जावे लागेल. तिथला माणूस काय खातो, यावरून त्याचे भारतीयत्व मोजण्याची सवय काही हिंदुत्ववाद्यांनाही आहे. त्यांनी लक्षात ठेवावे की, कामाख्येच्या देवळात बळी दिला जातो आणि शाक्तांच्या नैवेद्यात मासे असतात. हिंदू धर्म पुण्यातल्या एखाद्या पेठेच्या पंक्तीत मावत नाही. देवळात न जाणाऱ्यांविषयीही हेच म्हणावे लागेल. १९९९ च्या कारगिल युद्धात हौतात्म्य पत्करून महावीर चक्राचा मानकरी ठरलेला कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरुसे नागालँडचा होता. कोहिमाच्या घराघरांत त्याचे नाव आदराने घेतले जाते. त्याच्या गावी जाऊन मान लववणे हीदेखील यात्राच आहे.

व्यावहारिक बाबी अवघड नाहीत. अरुणाचल, नागालँड आणि मिझोरमसाठी लागणारा आतील सीमा परवाना आधी काढून ठेवावा. मे महिना टाळावा, कारण तिकडे पावसाला लवकर सुरुवात होते. दिवाळीची सुट्टी उत्तम. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास गेले तर माजुली बेटावरच्या सत्रांतून शंकरदेवांच्या परंपरेतला रास पाहायला मिळतो. मकरसंक्रांतीला लोहित नदीच्या काठी परशुराम कुंडावर देशभरातून यात्रेकरू जमतात. कोकणची भूमी ज्या परशुरामाची मानली जाते, त्याच्या परशूचे पाप तिथे धुतले गेले, अशी श्रद्धा आहे. मणिपूर मात्र मे २०२३ पासून होरपळले आहे. तिथे जाण्यापूर्वी परिस्थितीची नीट चौकशी करावी. पण आपल्या शहरात शिकणाऱ्या मणिपुरी मुलामुलींना दिवाळीचा फराळ द्यायला कोणत्याही परवान्याची गरज नाही.

तीन सुट्ट्यांपैकी एक सुट्टी देशाच्या अशा भागासाठी राखून ठेवावी, जिथे ओळखीचे कोणी नाही. मग पुढच्या वेळी दूरदर्शनवर सीमेवरच्या एखाद्या गावाचे नाव आले, तर त्या घरातली मुले मान वर करून म्हणतील, ‘तिथे आपण राहिलो होतो.’ सैन्य सीमा राखते. पण सीमेवरचे गाव आपले आहे, ही जाणीव घराघरांत राखायची असते आणि ते काम सैन्यावर टाकता येत नाही.

आषाढात कौंडिण्यपूरची पालखी पंढरीकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या गावांतून बाया रुक्मिणीची ओटी भरतात. तिचे दुसरे माहेर ब्रह्मपुत्रेपलीकडच्या डोंगरात वाट पाहत उभे आहे. तिनसुकियाहून पूल ओलांडला की रोइंगचा रस्ता सुरू होतो. सासरच्या माणसांनी एकदा तरी तिकडे जाऊन यावे.